पाटी नवीन आण

सुपरवायझर मॅडमनी आधी रूम फ्रेशनर मारला. वर, छताकडे हात करून, चारी कोपऱ्यांत. मग मला म्हणाल्या, "मिस, हे आधी उतरवा. खाली ऑफिसात पेरेंट्स बसलेत."

हे म्हणजे जाळं. माझ्या बापाचं.

दुसरीचा वर्ग. मुलं बाकांवर बसलेली. गुलाबाचा वास इतका की एकदोघं शिंकली.

डोंबिवली ईस्टला एका इंग्लिश मीडियम शाळेत मी शिकवते. घरातली पहिली ग्रॅज्युएट. ठाण्याला बी.ए. केलं, मग डी.एड. ते सांगायला मला आवडतं, म्हणून सांगते.

आमच्या शाळेत दरवर्षी प्रत्येक वर्गाला एक थीम देतात. भिंती, छत, दार, सगळं त्या थीमचं करायचं. मग ओपन डेला पालक येतात, फोटो काढतात. मला 'अंडर द सी' आलेली. समुद्राखालचं जग. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच.

आम्ही कोळी. कोपरला खाडीच्या अंगाला आमचं जुनं गावठाण आहे. बाबा पाग टाकायचे. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. आता खाडीत कंपन्यांचं पाणी येतं, मासळी, आमचं म्हावरं, घटलं. बाबा एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन आहेत. पाग खुंटीला होता. मी मागितला तेव्हा त्यांनी तो पावडर घालून धुतला, गच्चीवर वाळत टाकला, फाटलेलं स्वतः सांधून दिलं. म्हणाले, "वर्गात टांगशील ना, मग भोक दिसता नये."

मी तो छताला बांधला. एक कड दाराजवळ खाली सोडली, मुलांचा हात पोचेल एवढी. प्रत्येक मुलाच्या नावाचा कागदी मासा. सकाळी आलं की आपला मासा जाळ्यात अडकवायचा. तीच हजेरी. माशांची नावंसुद्धा मी खाडीचीच शिकवलेली. बोय, जिताडा, निवटी. मुलं भांडायची, "मिस, मला जिताडा पाहिजे!" वाचायचा कोपरा होडीसारखा केलेला. पोरं वेळेआधी वर्गात यायला लागली होती.

मग एका मुलाची आई फीच्या कामाला आलेली, ती वर्गात डोकावली. वर बघून म्हणाली, "वाव. हे खरं आहे का? म्हणजे, यूज्ड?"

मी हौसेने सांगितलं, "हो. माझ्या बाबांचं आहे."

ती एक पाऊल मागे गेली. हसली. आणि ऑफिसात जाऊन म्हणाली, वास येतो.

तोवर कुणालाच वास आला नव्हता. मुलं त्याच्याखाली डबे खात होती. पण मॅडम फ्रेशनर मारून 'वास' म्हणाल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने नाक दाबलं. मग तिच्या मागच्याने. मग सगळ्या वर्गाने. खेळच झाला तो.

मीच बाकावर चढले. मीच सोडवलं. एक गाठ पंख्याच्या हुकात अडकली, सुटेना. मॅडमनी टेबलावरची कात्री उचलून दिली. "कापा ना. किती वेळ?"

मी कापलं.

मासे खाली पडले. मुलं आपापल्या नावाचा मासा शोधायला धावली. मला रडू आलं नाही, राग आला नाही. हात दुसऱ्याचे असावेत तसे चालत होते. पाग पिशवीत भरला आणि सहाचा पाढा घेतला.

घरी बाबांनी पिशवी बघितली. कापलेली कड हाताने चाचपली. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गाला निळं जाळं आलं. ऑनलाइन मागवलेलं, प्लॅस्टिकचे स्टारफिश लावलेलं. त्याला फॅक्टरीचा उग्र दर्प होता. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग ओपन डेची मीटिंग. स्टाफरूममध्ये सगळ्या मिस. ओपन डे झाला की मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. घरात सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसलेले.

मॅडम म्हणाल्या, "अंडर द सीच्या दारात वेलकमला एक कोळीण हवी. फुल कॉस्च्युम. पेरेंट्सना सेल्फी पॉइंट होईल." आणि माझ्याकडे वळल्या. "तू कर गं. तुझ्यात ते नॅचरल येईल."

पहिलीच्या वर्गाच्या मिस हेल काढून ओरडल्या, "म्हावरं घ्या, म्हावरं!" सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. चेहरा आपोआप तसा झाला.

"आणि डोक्यावर पाटी हवी हं. पण नवीन आण. वापरलेली नको, प्लीज. मागचं लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

माझी आई मार्केटला मासे विकते. पाटी डोक्यावर घेऊनच तिने मला शिकवलं. शाळेला लुगडं हवंय असं सांगितलं तर ती अशी खूश झाली की काय सांगू. ट्रंक उघडली. नारळी पौर्णिमेला नेसते ते हिरवं लुगडं काढलं.

"बरा झाला गो. शालेला आपला लुगरा पायजे झाला. मी पन येन बगायला."

"नुसते पालकच येतात, आई."

"मंग मी कोन हाय? तुजी पालक नाय?" आणि स्वतःच हसली. "पाटी पन ने माजी."

"नवीन पाहिजे म्हणाल्या. वापरलेली नको."

"कशाला गो? माज्या पाटीला काय झालाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाटी उचलून मोरीत घेऊन गेली. लिंबाची सालं, राख, साबण. घासत बसली. मी दारात उभी. धुऊन झाल्यावर तिने पाटी तोंडाजवळ नेली आणि वास घेतला. परत घासली. परत वास घेतला.

माझ्या आईने जन्मात कधी आपल्या पाटीचा वास घेतला नव्हता. ताजं आहे का, एवढंच ती बघायची. त्या दिवशी तिला स्वतःचा वास यायला लागला. तो शाळेतून मी घरी आणला होता.

"आई, ठेव ती."

"थांब गो, जरा ऱ्हायलाय."

"ठेव. मी नाही नेसणार."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, "मी कोळीण होणार नाही."

"होणार नाही म्हणजे? अगं, तासाभराचा कॉस्च्युम आहे."

"तो कॉस्च्युम नाही. माझी आई रोज लुगडं नेसून बाहेर पडते."

"तेच तर! आपल्याला कल्चर दाखवायचंय. कौतुकच करतोय ना आम्ही? इतकं सेन्सिटिव्ह होऊन कसं चालेल?"

"कल्चर छताला होतं, मॅडम. ते तुम्ही मला कापायला लावलंत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "बघ बाई. कन्फर्मेशनचा विचार कर."

"केलाय."

आणि मी वर्गावर गेले.

ओपन डेला पहिलीच्या मिसनी भाड्याचं लुगडं नेसलं, गुडघ्यापर्यंत लेगिंग घालून. थर्माकोलचा मासा हातात. लोकांनी फोटो काढले. मी आत मुलांच्या वह्या दाखवत होते. मला कायम केलं नाही. 'अॅटिट्यूड' असा शब्द माझ्याबद्दल वापरल्याचं नंतर कळलं. एक वर्ष पुढे ढकललंय.

आईला मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती म्हणाली, "मंग आता?"

आता मी त्याच शाळेत जाते. सोडून जाणार नाही. घालवायचं असेल तर त्यांनी घालवावं, तोंडावर सांगून घालवावं. यंदा माझ्या वर्गाला नवीन थीम आलीय. मी वर्ग सजवीन, आणि चांगला सजवीन, ते माझं काम आहे. पण भिंतीला लावायचा माल मी नाही. माझी आई नाही. आमच्यातलं कुणीच नाही.