गायकवाड मॅडम आणि तेरखेड्याची अमेरिकन नात

समोर आलेल्या प्रत्येक खातेदाराला गायकवाड मॅडम एक प्रश्न हमखास विचारायच्या, "जन्म कुठला तुमचा?" शेतकरी असो की निवृत्त तलाठी, कोणाची सुटका नसे. एकदा एका आजीबाईंनी उलट विचारलं, "का गं, स्थळ बघतीस का मला?" सगळी शाखा हसली. मॅडमही हसल्या आणि हसता हसता फॉर्मवरचा रकाना भरून मोकळ्या झाल्या.

मी हसलो नाही. धाराशिवातल्या आमच्या सहकारी बँकेत मी त्यांना नऊ वर्षांनी सीनियर. कोणाचं काही अडलं की लोक माझ्या टेबलाशी यायचे. सुनंदा गायकवाड आल्या आणि वर्षभरात सगळे त्यांच्याकडे जायला लागले. तामलवाडीच्या शेतकरी घरातली बाई, मराठी शाळेत शिकलेली, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन रोज एसटीनं येणारी. या बाईत असं काय आहे, हे मला कळायचं नाही. कळायचं नाही म्हणून जास्त खुपायचं.

त्यात तो अमेरिकेचा कायदा आला. आमच्या नागरिकांची खाती तुमच्याकडे असतील तर कळवा, असं अमेरिकेनं जगभरच्या बँकांना बजावलं होतं. जी बँक कळवणार नाही, तिला अमेरिकेतून मिळणाऱ्या रकमेतले तीस टक्के तिथल्या तिथं कापले जाणार. आपल्या सरकारनं त्यावर करार केला आणि दरवर्षी ही माहिती आयकर खात्याला देणं बँकांच्या मागं लागलं. आपण अमेरिकन नागरिक आहोत की नाही, याचं घोषणापत्र प्रत्येक खातेदाराकडून घ्यायचं होतं. पुण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठरलं. खाती उघडण्याचं काम पाहणाऱ्याला पाठवा, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते काम मॅडमकडे होतं. पत्र मात्र माझ्या हाती पडलं. मी ते ड्रॉवरमध्ये घातलं आणि मॅनेजरांना माझंच नाव सुचवलं.

परत आलो तो एक बॅग आणि एक सर्टिफिकेट घेऊन. निम्मं डोक्यावरून गेलं होतं. मॅडमनी तिथं मिळालेले कागद मागितले, "दोन दिवस द्या की साहेब, वाचून परत करते." मी म्हणालो, हॉटेलवरच राहिले. कागद माझ्या घरी कपाटात होते.

मग मॅडमनी सरकारच्या वेबसाइटवरून तो इंग्रजी गठ्ठा छापून घेतला. तामलवाडी ते धाराशिव, एसटीत बसून पेन्सिलीनं खुणा करत त्यांनी तो संपवला. मी पुण्याहून जे शिकून आलो नव्हतो, ते मॅडम शाखेत चहा पिता पिता सांगायच्या. "अमेरिका काय इचारतीय? ह्यो माणूस आमचा हाय का, एवढंच. मग माणसालाच इचारायचं. फॉर्मकडं बघून काय कळतंय?"

वार्षिक अहवालाआधी जुने फॉर्म तपासताना त्यांनी एक कागद माझ्यापुढं ठेवला. तेरखेड्याच्या शिंद्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचं खातं. जन्मठिकाण, तेरखेडा. जोडलेला जन्मदाखला मात्र अमेरिकेतला. बाप तिकडं नोकरीला असताना मुलगी झालेली, म्हणजे जन्मानं अमेरिकन नागरिक.

"साहेब, अक्षर तुमचं हाय ना?"

माझंच होतं. मॅडम रजेवर असताना गाव पाहून मी रकाना भरला होता आणि बापानं न वाचता सही केली होती. माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर कागद थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये नेला असता. त्या म्हणाल्या, "उद्या तेरखेड्याला जाऊन येऊ."

मुलीचा बाप नव्या घोषणापत्रावर सहीला तयार होता, पण आजोबा, बाबूतात्या, भडकले. "माझी नात परकी व्हय? हितल्या शाळंत जातीया, माझ्या ताटात जेवतीया, अन् तुमी तिला अमेरिकेची ठरवता?" मी कलम सांगायला लागलो, तसे ते उठलेच. "खातंच बंद करा!"

मॅडम बाजेवर टेकल्या. "तात्या, नात झाली तवा तिकडं कोण गेल्तं?"

तात्या थांबले. "आमची मंडळी. पयल्यांदाच इमानात बसली. लाडू बांधून नेल्ते, ते इमानतळावर काढून घेतले. लई रडली." मग म्हणाले, "आता न्हाय ती."

ते आत गेले आणि फोटो घेऊन आले. बर्फात उभी नऊवारीतली बाई, हातात दुपट्यातलं बाळ.

"नात तुमचीच हाय," मॅडम म्हणाल्या. "तिला न्यायला कुणी येत न्हाय. हिचं खातं आमच्याकडं हाय, एवढं फक्त कळवायचं. आन् आजी जिथं तिला घ्यायला गेली, त्या गावाचं नाव कागदावर नगं व्हय?"

तात्यांनी मुलाला पेन दिलं. मी फोटोकडं बघत उभा होतो. हा प्रश्न मला जन्मात सुचला नसता, हे तिथंच कळलं.

अहवालात मॅडमनी लिहिलं, 'चूक शाखेच्या लक्षात आली व दुरुस्त केली.' माझं नाव कुठंच नव्हतं. त्या उपकारानं मी जास्तच चिडलो.

पुढं मला प्रमोशन मिळालं आणि त्यांना मुख्य कार्यालयात या कामाचा स्वतंत्र विभाग. त्यांच्या निरोप समारंभात मी भरभरून बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मला सोसेनात. बसस्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो आणि पत्राचं, कपाटातल्या कागदांचं, सगळं सांगून टाकलं. त्या मोठ्या मनानं हसतील, असं मी धरूनच चाललो होतो.

त्या हसल्या नाहीत.

"त्या ट्रेनिंगसाठी म्या तीनदा अर्ज केलता, साहेब. दर बारीला उत्तर यायचं, तुमच्या शाखेचा माणूस येऊन गेला. मला वाटायचं, माझं इंग्रजी कच्चं, म्हणून मला धाडत न्हाईत. लई दिवस तसंच वाटत हुतं."

तेवढ्यात तुळजापूरची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली आणि चढल्या. खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर पाहिलं नाही.

अजूनही एखादा फॉर्म अडला की मी त्यांना फोन करतो. त्या उचलतात, नीट समजावून सांगतात, कलमसुद्धा तोंडपाठ सांगतात. काम झालं की फोन ठेवतात.