शब्बीरभाईंना मिळालेला मेमो

शब्बीरभाई गेल्याचं मला आठवड्यानं कळलं, तेही आमच्या जुन्या दवाखान्यातून आलेल्या शोकसभेच्या निरोपातून. ‘कर्तव्यनिष्ठ कर्मचारी’ असं त्यात लिहिलं होतं. वाचून डोकंच फिरलं. याच लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं ‘येडा’ म्हटलं होतं...

नव्वदच्या दशकात सिंदेवाहीकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होते आणि नागभीडचे शब्बीरभाई आमच्या रुग्णवाहिकेवर अटेंडंट. ते कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. गलका झाला की कानांवर हात ठेवत. एका दमात तीन कामं सांगितली की जागीच थिजत. सुरुवातीला मीही ओरडले, हे कबूल करते. मग एकदा तेच म्हणाले, “बाई, एक एक सांगा जी. कागदावर लिवून देल्लं तं अजून बरं.” तेव्हापासून मी लिहून देऊ लागले आणि विनाकारण सायरन वाजवायचा नाही म्हणून ड्रायव्हरला बजावलं. एवढंच. ते गाडीवर असताना त्यानंतर एकही वस्तू कधी कमी पडली नाही. अशा स्वभावाला आज नाव आहे. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही.

अडलं ते तपासणीला आलेल्या साहेबांचं. त्या दुपारी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला चंद्रपूरला न्यायचं होतं. नातेवाईक रडत होते, साहेब “गाडी काढा” म्हणून ओरडत होते आणि शब्बीरभाई कान झाकून गाडीच्या दारात उभे. “सिलिंडर खाली हाये. गाडी नाई निघत.” मी काटा पाहिला. शून्यावर! आदल्या दिवशी ते रजेवर होते. ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी बदललाच नव्हता. दुसरा चढवायला पाच मिनिटं लागली. बाई वाचली.

आणि शब्बीरभाईंना मेमो मिळाला, लोकांसमोर वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल. मी भांडायला गेले तर साहेब म्हणाले, “तो वेडा आहे असं लिहून द्या, कारवाई थांबवतो.” म्हणजे वेडा किंवा उर्मट, दोनच रकाने! ज्याचं बरोबर होतं त्याच्यासाठी तिसरा नव्हताच. मी तसं लिहून दिलं नाही. सिलिंडर रिकामा होता, एवढं लिहिलं. तो कागद कुणी वाचला, देव जाणे. त्यांना आलापल्लीकडे भांडारात टाकलं, ते निवृत्तीपर्यंत.

शोकसभेला मी गेले नाही. त्यांच्या घरी गेले. खोलीत औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, लेबलं सगळी समोर. त्यांच्या पत्नीनं, सलमाभाभींनी, कशालाच हात लावला नव्हता. चहा देताना त्यांनी विचारलं, “बाई, त्यायचं चुकलं काय होतं जी? मले कधी सांगतलंच नाई.”

तेवढ्यात शोकसभा आटोपून दवाखान्यातली चार माणसं भेटायला आली. ती आत येऊन बसेपर्यंत मी थांबले... मग पहिल्यापासून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.