कॉफी निववायची पाळी

गिंडी या उपनगरातल्या संध्याकाळच्या तमिळ वर्गात आम्ही सगळे नोकरीपायी इथं आलेले, चाळिशीपुढचे विद्यार्थी. आमच्या टीचरम्मा तंजावरच्या मराठी घरातल्या; माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी तमिळ हेल काढत बोलत. दारातून येणाऱ्याचा चेहरा त्या एकदाच बघत. कुणाचं काही बिनसलेलं दिसलं तरी विचारत नसत. आपली वाफाळती कॉफी त्याच्यापुढे सरकवत. मग त्यानं ती पेल्यातून पसरट डवऱ्यात, डवऱ्यातून पेल्यात ओतत निववायची. त्या दिवशी त्याला प्रश्न नाहीत, फळ्यापाशी बोलावणं नाही.

आई आयसीयूत होती तेव्हा माझ्यापुढे पेला आला. “निवव गे.” मला रागच आला. शिकायला आले होते की कॉफी करायला? पण हात गुंतले आणि रडू मागे सरलं. अर्धी कॉफी टेबलावर सांडली; उरलेली टीचरम्मा चवीनं प्यायल्या.

परवा टीचरम्मा आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या आणि स्वतःच कॉफी निववू लागल्या. वाफ केव्हाच गेली, तरी हात थांबेनात.

आम्ही कुणी काही विचारलं नाही. फळ्याला कायम घाबरणारा, ओरगडमच्या कारखान्यातला फिटर तेवढा उठला. त्यानं खडू घेतला आणि चुकतमाकत आदल्या दिवशीचा धडा शिकवू लागला.