आप्पा आणि सातवं प्रकरण

आप्पा प्रुफं मनात वाचत नसत. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका अरुंद जिन्याच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं प्रकाशन होतं आणि तिथून त्यांचा आवाज खालच्या चहाच्या गाड्यापर्यंत यायचा. शिलालेख, जैन पोथ्या, देवळांवरच्या मूर्ती, शाहिरांचे फड अशा विषयांवरची जाडजूड पुस्तकं ते काढायचे आणि छापण्याआधी प्रत्येकाचं पान न् पान मोठ्यानं वाचायचे. चहाला थांबलेली माणसं नकळत चार ओळी इतिहास ऐकून जायची. ‘जे वरडून वाचता येत न्हाय, ते लेखकालाबी कळलेलं नसतंय,’ असं आप्पांचं म्हणणं.

कथा-कवितांना तिथं थारा नव्हता. एकदा एक कवी मोठ्या आशेनं वर आला. आप्पांनी त्याला चहा पाजला, चिवडा दिला, सगळ्या कविता मान डोलावत ऐकल्या आणि म्हणाले, ‘पावणं, झकास हायत. आता जेवूनच जावा. पण कविता संगं न्या.’

मी त्यांच्याकडे गेले ती माझा प्रबंध घेऊन. विषय होता आमच्या भागातल्या ग्रामदैवतांचा इतिहास. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन्न सालानंतर देव सोडले. त्यामुळे मी हा विषय घेतला याचं विद्यापीठात अनेकांना नवल वाटे, आणि ते नवल मला टोचे. आप्पांना वाटलं नाही. ‘ज्यानं घर सोडलंय त्याला घराचं वासं पाठ असत्यात,’ म्हणाले आणि पहिलं पान वाचायला घेतलं. त्या दिवसापासून तो जिना मला माझा वाटू लागला.

‘असे म्हटले जाते’ हे शब्द दिसले की त्यांचा लाल पेन थांबायचा. ‘कोण म्हणतं?’ ते विचारायचे. ‘म्हणणाऱ्याला तोंड असतंय, नाव असतंय. ते लिव्ह.’ माझ्या सातव्या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘गावातील एक वृद्ध महिला सांगतात’. आप्पांनी चष्मा काढला.

‘ही वृद्ध महिला कोण?’

‘माझी आत्या. बाबांची थोरली बहीण.’

‘मग तिला नाव न्हाय व्हय गं? नाव लिव्ह, गाव लिव्ह. उद्या कुणी इचारलं तर तिच्या दारात जाता आलं पायजे.’

सातवं प्रकरण आमच्याच गावाचं होतं, गडहिंग्लज तालुक्यातलं. देवीच्या देवळाच्या पायरीशी एक दगड होता. देवळासाठी जमीन देणाऱ्याचं नाव त्यावर कोरलेलं होतं, आणि तो माणूस आमच्या वस्तीतला, आमचा पूर्वज. ज्या देवळात आमच्या माणसांना पाऊल टाकता येत नव्हतं, त्याची जागाच आमची होती. आत्या लहान असताना तिची आजी लांब उभी राहून तिला तो दगड दाखवायची. पुढं देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि दगड नव्या फरशीखाली गेला. त्याआधी बाबांनी त्याचा एक फोटो काढून ठेवला होता. गावात मात्र दगडाचा विषय निघाला की माणसं दुसरीकडे बघत.

आप्पा नुसतं वाचून थांबले नाहीत, माझ्याबरोबर गावाला आले. आत्याच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसले, तिच्या हातची भाकरी आणि खरडा खाल्ला आणि तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आत्या, देव तर तुमी सोडला. मग ह्या दगडाचं एवढं काय?’

आत्या म्हणाली, ‘देव सोडला, पावणं. दगडावरचं नाव न्हाय सोडलं.’

आप्पांचे डोळे भरून आले. निघताना ते वाकून तिच्या पाया पडले. ‘तुमचं नाव पुस्तकात येणार, आत्या. माझा शब्द हाय,’ म्हणाले.

पुस्तकाचं प्रकाशन कोल्हापुरातच झालं. बाबा आत्याला घेऊन आले. ती पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी व्यासपीठावर होते आणि आप्पा माइकवर. प्रकाशकाला पाठीचा कणा लागतो, असं काहीतरी ते सांगत होते. टाळ्या पडत होत्या. समोर बाबांनी प्रत उघडलेली मला दिसत होती. त्यांनी पानं उलटली, परत मागं गेले, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आत्या त्यांच्या खांद्याशी झुकून विचारत होती, ‘माझं कुठं हाय त्यात?’

मी माझ्यासमोरची प्रत उघडली; शेवटची प्रुफं आप्पांनी मला दाखवली नव्हती. सहाव्या प्रकरणानंतर आठवं आलं होतं आणि त्यालाच सातवा आकडा दिला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले, चार वाक्यं बोलले. काय बोलले ते आजही आठवत नाही.

परतीच्या एसटीत बाबांनी आत्याला खरं काय ते सांगितलं, हे मला त्यांच्याकडूनच नंतर कळलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘त्यो माणूस माझ्या हातची भाकरी खाऊन गेलता.’

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून गेले. आप्पा एकटेच होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

‘देवळाच्या कमिटीची माणसं आलती,’ ते म्हणाले.

‘धमकी दिली?’

‘धमकी कशाला द्यायला पायजे? धा-बारा जण आलं, बसलं, चहा न पिता गेलं.’

‘मला विचारायचं होतंत, आप्पा.’

‘इचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस.’

‘मग?’

‘मग पुस्तकच निघालं न्हाय असतं, पोरी. दुसऱ्या आवृत्तीत घालू की ते.’

अभ्यासाच्या पुस्तकांना दुसरी आवृत्ती क्वचितच मिळते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी खाली उतरले. ते हाक मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारली नाही.

ते प्रकरण पुढं एका नियतकालिकात छापून आलं, तोवर आत्या गेली होती. आप्पांनी दोनदा निरोप धाडले; मी गेले नाही. मला शत्रूनं फसवलं असतं तर मी भांडले असते. ज्यानं लिहायला शिकवलं त्याच्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. लिहायला बसले की त्यांचा आवाज कानात यायचा, आणि मी चिडून उठायची. पण ते वाक्य मात्र दुरुस्त करूनच.

मागच्या वर्षी आप्पा गेले. शोकसभेत जो तो त्यांना निर्भीड म्हणत होता. माझं नाव पुकारलं. त्यांनी मला काय दिलं ते मी सांगितलं. मग आत्याच्या घरची भाकरी सांगितली, आणि प्रकरण गाळलं तेही सांगितलं. निवेदकानं घाईघाईनं पुढचं नाव घेतलं.

सभा संपल्यावर काकू, म्हणजे आप्पांची बायको, माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातची पोळी मी कितीदा खाल्ली होती. ‘आजच सांगायचं हुतंस व्हय गं?’ त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्या माझ्याजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘मला त्यांनी ह्यातलं काय बी सांगितलं न्हाय. पुस्तक आलं आणि तू यायची बंद झालीस, एवढंच मला दिसलं. काय हुतं त्या प्रकरणात?’

मी सांगितलं. देऊळ, जमीन, दगड, त्यावरचं नाव, लांब उभी राहून बोट दाखवणारी म्हातारी. माणसं निघून जात होती, कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं. काकू पदर मुठीत धरून ऐकत राहिल्या. माझं बोलणं संपलं तरी त्या वाट बघत होत्या, जणू खरं भयंकर काहीतरी अजून पुढं यायचं होतं.

‘एवढंच?’ त्यांनी विचारलं.

‘हो काकू,’ मी म्हणाले. ‘एवढंच.’