अनुसयाबाईंनी काढलेले अकरा फोटो

रनाळ्याचे नवनीत पाटील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा सुरतेच्या मुलाने त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. त्यांनी तो फार मनावर घेतला. सूर्य पाठीशी ठेवायचा, बटण आधी अर्धं दाबायचं, श्वास रोखायचा, सगळं तोंडपाठ झालं. मग चार वर्षं नवरा-बायको हिंडले. देखाव्यात कुणी यायला नको म्हणून ते माणसं निघून जाईपर्यंत तिष्ठत उभे राहायचे.

तोरणमाळला सीताखाईपाशी अनुसयाबाई म्हणाल्या, "मन्हा बी एक काढा ना."

"काढसू. आधी जराशी बाजूले सरक, दरी झाकाई ऱ्हायनी."

त्या सरकल्या. तेवढ्यात ढग आले, उजेड गेला आणि त्यांचा फोटो राहून गेला.

गेल्या पौषात त्या हृदयविकाराने गेल्या. दहाव्याला फोटो लागणार म्हणून नवनीतरावांनी सहाशेवर फोटो धुंडाळले. धबधबे होते, देवळांचे कळस होते, एका फोटोत कडेला अनुसयाबाईंच्या हिरव्या पातळाचा काठ होता. अखेर आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला. त्यात त्या भेदरल्यासारख्या दिसत होत्या.

पुढे एकटेपणी त्यांनी सगळे फोटो पुन्हा पाहायला घेतले, तेव्हा मोलगीच्या बाजारातले अकरा फोटो सापडले. त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ते जीपमध्येच पडून राहिले होते आणि कॅमेरा बायकोच्या हाती दिला होता. फोटो तिरके होते, दोनांत तर बोटच आलं होतं. पण सगळे माणसांचे, अगदी जवळून काढलेले. आमचूर विकणारी एक बाई तर मैत्रिणीकडे पाहावं तशी हसत होती.

तो फोटो छापून घेऊन ते बाजाराच्या दिवशी मोलगीला गेले. विचारत विचारत ती बाई सापडली. रमिलाबाई तिचं नाव. तिने फोटो निरखला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "बाई नाही आली?"

"वारली," ते म्हणाले.

तिने फोटो मांडीवर ठेवला. मग सांगू लागली, की बाई इथेच पोत्यावर बसली होती. पोरांची नावं विचारली, स्वतःचं नाव सांगितलं, आणि काढू का, असं विचारून मगच फोटो काढला. "मी म्हटलं, तुझा कोण काढणार?" रमिलाबाई म्हणाली.

"ती बोलली, मालक चांगला फोटो काढतो. जाताना माझा काढेल."

रमिलाबाईने नवनीतरावांपुढे पोतं सरकवलं. शेवटच्या जीपची वेळ होईतो ते तिथेच बसून होते.

आता गावातलं कुणी सहलीला निघालं, की ते स्टँडवर जाऊन सांगतात, "आधी घरना माणसेसना फोटो काढा. जवळ जाईसन काढा." लोक बरं म्हणतात आणि गाडीत चढतात.