राघोबाचा न संपणारा गाडा

राघोबा सुताराला काम सांगायचं तर आधी आपली तब्येत ठणठणीत हवी, म्हणजे ते पुरं झालेलं बघायला आपण असू, असं आमच्या गावात बोललं जाई. हात सोन्याचा. त्यानं बसवलेलं चाक वीस वर्षं कुरकुरत नसे. पण चाक कधी देतोस म्हणून विचारलं की तो कानामागची पेन्सिल काढायचा, तिच्याकडं बघायचा, पुन्हा कानामागं खोचायचा आणि म्हणायचा, "बघतो." हावगेप्पाच्या घरचा पाळणा त्यानं असाच बघत बघत केला. तो खांद्यावर घेऊन दारात गेला, तेव्हा ज्याच्यासाठी पाळणा केला होता त्यानंच येऊन दार उघडलं. राघोबा पाळणा परत घेऊन गेला आणि त्याच लाकडाची दोन स्टुलं करून दिली. तीही पुढच्या वर्षी.

राघोबाच्या तोंडभर देवीचे वण होते. लहानपणी देवीनं माझ्या तोंडावर खळं केलं, मळणी करून गेली, असं तो स्वतःच सांगे. बायको जाऊन दहा वर्षं झालेली. एकुलती एक लेक गीताबाई पूर्वेला दोन कोसांवर कट्टेवाडीत दिलेली. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलटकरीण, म्हणजे सातव्यात माहेरी येणार. राघोबानं तिच्यासाठी एक पाट करायला घेतला होता आणि या खेपेला खरोखरच तो निम्मा झाला होता.

अशात फाल्गुनात साथ आली. पोलीस ॲक्शनला अडीच वर्षं होत आली होती. त्या धामधुमीत भीती निदान वाजत यायची, दारं लावून बसता यायचं. ही भीती वाजत नव्हती. ज्या घरात देवी आल्या त्या दाराला लिंबाचा डहाळा लागे, त्या घरात फोडणी बंद होई, बोलणं हळू होई. बाजाराला निघालेली माणसं रामराम विसरून डहाळे मोजायला लागली. सोमवारी तीन होते, गुरुवारी सात.

साथ कशानं आली यावर चावडीत माणसांपेक्षा मतं जास्त होती. कुणी म्हणे रेशनच्या ज्वारीनं, कुणी म्हणे दोन वर्षं देवीची जत्रा चुकली म्हणून. तालुक्याचा टीकेवाला दुबलगुंडीपर्यंत आलाय हे कळल्यावर तर वादाला ऊतच आला. त्याच्याजवळ वासराच्या फोडाची लस असते, ती टोचली की नसलेली देवी येते, शिवाय नांगरावरचा हात कायमचा ढिला पडतो, असं ज्यांनी एकदाही टोचून घेतलं नव्हतं ते छातीठोक सांगत होते. ज्यांच्या दंडावर खुणा होत्या ते गप्प होते, कारण आपण वाचलो हे मोठ्यानं बोलायला कुणालाच धीर होत नव्हता.

शेवटी ठरलं ते गाड्याचं. कमरेएवढा लाकडी गाडा करायचा, त्यात देवीला बसवायचं, दहीभात ठेवायचा, ओढत शिवेपलीकडं नेऊन सोडायचा आणि मागं न बघता घरी यायचं. देवी पुढच्या गावाला जाते. पुढचं गावही मग गाडा करतं. आमचे वाणी शिवशंकरप्पा म्हणाले, की आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं, आम्ही असल्या देवाला हात जोडत नाही. पण गाड्याला लागणारा दोर माझ्या दुकानातनं न्या, चांगला आहे.

मग प्रश्न आला, कुठल्या शिवेला न्यायचा. पश्चिमेला पाटील चनमल्लप्पांची थोरली दिलेली, म्हणून पश्चिम गेली. उत्तरेला शिवशंकरप्पांची सासुरवाडी. न मानणाऱ्या देवीनं तिकडं जाऊ नये असं त्यांना फार वाटलं. दक्षिणेला गुरवाची बहीण. राहिली पूर्व. पूर्वेचं नाव निघालं आणि कुणी काहीच बोललं नाही, तेव्हा पूर्व ठरली. राघोबा दाराशी चपलांजवळ बसला होता. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात पाटलांनी विचारलं की गाडा किती दिवसांत होईल.

राघोबाचा हात आपोआप कानामागं गेला. "बघतो," तो म्हणाला.

त्याची लेक पूर्वेला आहे हे कुणाला आठवलं नाही की आठवूनही कुणी बोललं नाही, ते देवी जाणे. पण देवी गाड्यातून जाते यावर त्याचा आमच्याइतकाच विश्वास होता. गाडा केला तर ती गीताच्या दारात जाणार. नाही केला तर इथंच राहणार, रोज एका नव्या दाराला डहाळा लावणार. आणि गीताच्या दंडावर खूण नव्हती. ती पाच वर्षांची असताना टीकेवाला गावात आला होता. तेव्हा पोरं लपवायची रीत होती आणि लपवायला राघोबाच्या पेट्यांसारखी जागा नव्हती. हवा खेळावी म्हणून तो पुढच्या फळीला भोकंही पाडून द्यायचा. गीताला त्यानं सगळ्यात मोठ्या पेटीत बसवलं होतं आणि वर स्वतः पाय सोडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुबलगुंडीला गेला. टीकेवाला सायकल झाडाला टेकवून बसला होता. कट्टेवाडीची पाळी पुढच्या महिन्यात आहे, असं त्यानं सांगितलं. राघोबा वाद घालणारा माणूस नव्हे. त्यानं बघितलं, की टीकेवाल्याच्या औजारांच्या पेटीचं झाकण सुतळीनं बांधलंय, बिजागरी निखळलीय. त्यानं पिशवीतून हत्यारं काढली आणि तिथंच मातीत बसून बिजागरी बसवून दिली. राघोबानं काम तिथल्या तिथं पुरं केलं ही बातमी गावात आली तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. टीकेवाल्यानं झाकण दोनदा उघडलं, मिटलं, आणि सायकल कट्टेवाडीकडं वळवली.

राघोबा शिवेच्या ओढ्यात अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कट्टेवाडीच्या अलीकडं ओढ्याच्या काठावर उभा राहिला. पुढं गेला नाही. त्याला स्वतःला देवी पुन्हा येणार नव्हत्या, पण आपल्या अंगाला गावची हवा लागलीय एवढं त्याला कळत होतं. टीकेवाल्याच्या निरोपावरून पलीकडच्या काठावर गीताबाई आली, मागं तिची सासू, बाजूला टीकेवाला. सासूचं म्हणणं, पोटुशा बाईला टोचतात का कुठं. टीकेवाल्याचं म्हणणं, अशा बाईला देवी आल्या तर जास्तच वाईट. गीताबाई पदराची गाठ सोडत-बांधत उभी.

"गीते, घे टोचून," राघोबा इकडून म्हणाला.

"तुमीच तर तवा लपवलं व्हतं मला, आप्पा."

"व्हय. म्याच घातलं पेटीत. चुकलं माजं."

गीताबाईनं पदराची गाठ सोडली. "भोकातनं तुमचे पाय दिसायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, पाय हायत तंवर कोण न्हेत न्हाई मला." आणि तिनं बाही वर सारली.

टीकेवाल्यानं चक्री फिरवून चार ठिकाणी टोचलं. राघोबानं ओरडून विचारलं, की आता भ्यायचं कारण नाही ना. तो त्याच्या दख्खनीत म्हणाला, "आठ रोज ठैरो. फोड पानी पकड्या तो समजो लग्या. नै पकड्या तो फिरसे."

आठ दिवस. राघोबानं परतीच्या वाटेवर मनाशी हिशेब पक्का केला: टीकेवाल्याच्या आठ दिवसांपर्यंत देवीला गाड्याविना थांबवायचं. हे दोन वेगवेगळ्या दरबारांचे हिशेब आहेत, असं त्याच्या मनातही आलं नाही.

एरवी त्याला उशीर करायला काही करावं लागत नसे. आता मात्र तो मेहनतीनं उशीर करायला लागला. लिंबाचं लाकूड ओलं निघालं. आस चिरली. करवत धार लावायला दिली ती आली नाही. दिवसभर ठोकल्याचा आवाज मात्र चालू ठेवावा लागे, म्हणून तो एकच खुंटी ठोके आणि काढे. चावडीतली माणसं येऊन बघून जात आणि कपाळाला हात लावत. पण राघोबाच तो, म्हणून कुणाला संशय आला नाही. आयुष्यभर कमावलेली बदनामी त्याला पहिल्यांदाच उपयोगी पडत होती आणि तिच्या ओझ्यानं तो वाकत होता. कारण डहाळे सातांचे अकरा झाले. शेजारच्या नागूबाईच्या नातवाला देवी आल्या. आणि चौथ्या दिवशी काशप्पाची चार वर्षांची पोरगी गेली. मधल्या आळीतला काशप्पा, शेतकरी माणूस, घरात ती एकच पोर. त्या दिवशी राघोबाच्या अंगणातून ठोकल्याचा आवाज आला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी नागूबाई आली. नागूबाई म्हणजे गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. विहिरीवर बोलली की वेशीवरचा बैल वळून बघे. पण घरात देवी म्हणून ती कुजबुजत होती, आणि ती कुजबुजतेय हेच भयंकर वाटत होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"राघोबा, तीन दिस झाले, तू त्योच आरा तासायलास."

"लाकूड ओलं हाय, नागूआक्का."

"लाकडाचं मला नगं सांगू. माजं पोरगं तिकडं अंगाला लिंबाचं पान लागू देईना आन् तू हितं ठोकायचा खेळ करायलास. कामून?"

राघोबानं तासायचा वाकस खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गीता, पेटी, चार टोचण्या, आठ दिवस. नागूबाईनं मधे एकदाही तोडलं नाही, जे तिच्या आयुष्यात झालं नव्हतं. तिनं चावडीत जाऊन एक शब्द सांगितला असता तर राघोबाला गाव सोडावं लागलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अजून किती दिस?"

"दोन."

ती आपल्या दाराच्या डहाळ्याकडं बघत राहिली. "दोन दिस म्या गप बसते," ती म्हणाली. "माज्या पोराचं काय झालं, तर मग तुला कोण वाचवीत न्हाई. आन् ठोकू नगंस आता. त्याला झोप लागंना तुझ्या ठोकण्यानं."

ते दोन दिवस राघोबा न ठोकता बसून होता.

आठव्या दिवशी सकाळी ओढ्याच्या पलीकडं गीताबाईनं बाही वर केली. एवढ्या लांबून त्याला काय दिसणार. तिनंच सांगितलं: चारांतले तीन उठलेत, पाणी धरलंय, दंड ठणकतोय, दोन दिवस ताप होता तो उतरला. मग तिनं आणखी एक सांगितलं, की त्या दिवशी तिला आणि सासूला धरून सात जणांनीच टोचून घेतलं. बाकीचे टीकेवाल्याला बघून रानात पळाले.

राघोबा परत आला आणि दुपारपर्यंत गाडा उभा केला. गाव बघायला जमलं. शिवशंकरप्पांचा दोर बांधला गेला. ऊन कलायच्या आत देवी बसली, हलगी वाजली आणि गाडा पूर्वेला निघाला. अशा वेळी सुतार मागं राहतो. राघोबा पुढं दोराला होता.

शिवेच्या ओढ्याशी तो थांबला. दोर हातातून सोडला नाही, पण पायही उचलेना. मागून पाटील विचारायला लागले, काय झालं.

"पलीकडं सातच दंड टोचलेत, पाटील," राघोबा म्हणाला. "बाकीची उघडीच हायत."

मग गलका झाला. तुला आत्ताच कसं सुचलं, आठ दिवस लावलेस ते याच्यासाठी काय, तुझी लेक तिकडं आहे हे आम्हाला ठाऊक नाही काय, असं जो तो बोलायला लागला. ठाऊक होतं, म्हणजे चावडीत पूर्व ठरली त्या दिवशीही ठाऊकच होतं, हे त्यातून बाहेर पडलं तेव्हा बोलणारे जरा खाली बघायला लागले. तेवढ्यात मागून नागूबाई पुढं आली. नातवाला सुनेजवळ ठेवून आली होती. अजून त्याच्या फोडांवर खपल्या धरल्या नव्हत्या, काय होईल सांगता येत नव्हतं.

"हितंच ठेवा," ती म्हणाली. "अलीकडं. गावाच्या भाईर आली न्हवं ती, बास झालं."

ज्या घरात देवी आहे तिथल्या बाईपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. गाडा अलीकडच्या काठावर पळसाखाली ठेवला. देवी गेली असं धरायचं की नाही यावर महिनाभर वाद चालला. साथ चैत्र सरता सरता ओसरली. नागूबाईचा नातू उठला, तोंडावर वण घेऊन. गावातली तीन पोरं गेली. त्यांतली दोन त्या आठ दिवसांतली.

त्या दिवशी गाडा ठेवून माणसं मागं न बघता परतली. राघोबा नागूबाईच्या मागं मागं चालत होता. वेशीत आल्यावर त्यानं विचारलं, "आठ दिस लावले नसते तर, आक्का?" गाड्यानं काही होत नसतं, असं टीकेवाल्यानं त्याला सांगितलं होतं. राघोबानं मानही हलवली होती. पण मान हलवणं वेगळं, मनाला पटणं वेगळं.

"ते मला कामून इचारतूस," नागूबाई म्हणाली. "ज्याची गेली त्याला इचार."

राघोबा घरी गेला नाही. मधल्या आळीत गेला. काशप्पा ओसरीवर एकटाच बसला होता. तो गाड्याबरोबर आला नव्हता. राघोबानं खाली उभं राहूनच सगळं सांगितलं, आठही दिवस, एक दिवस न गाळता, खुंटी ठोकून काढायचो तेही. काशप्पा ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "पोरगी बरी हाय का तुझी?"

"हाय."

काशप्पानं घोंगडीचं टोक ओढून थोडी जागा केली.

"बस मग," तो म्हणाला.