पायाखालचं कापड

वसुधाकाकूंच्या पुढ्यात जुन्या कपड्यांची पिशवी ठेवायला छाती लागायची. काकू आधी नाक मुरडायच्या, मग पिशवी जमिनीवर पालथी करायच्या आणि मग तोंड सोडायच्या. "डोनेशन म्हणे! जे स्वतःच्या फरशीला लावायची लाज वाटते, ते मला डोनेट करतात. आणि बटणं बघा, एकूण एक कापून घेतलीत. शर्ट दिला, पण बटणांवरून जीव काही सुटला नाही मेल्यांचा."

दिंडोशीच्या त्या सात मजली सोसायटीत काकू चाळीस वर्षं राहत होत्या. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापूरच्या एका मैत्रिणीकडून विणकाम शिकून घेतलं आणि सुताराकडून लाकडी माग करवून घेतला. गच्चीवर पंपाची जुनी खोली रिकामी होती, तिथे तो माग बसवला. तेव्हापासून बारा वर्षं जुन्या साड्या, चादरी, परकर फाडून त्या सतरंज्या आणि पायपुसणी विणत होत्या. दुधाच्या पिशव्या कापून त्यांनी बाथरूमसाठी चटयाही विणल्या होत्या, आणि त्या खरंच चिवट निघाल्या.

कपड्यावरून माणूस ओळखायचा काकूंना भारी नाद. ही पॅण्ट तीनदा उसवून सैल केली आहे, म्हणजे चौथ्या मजल्यावरचा देवव्रत डाएटच्या थापा मारतो. ही साडी घडीवरच विरली, म्हणजे हिने ती आयुष्यात एकदाही नेसली नाही, फक्त कपाट उघडून पाहुण्यांना दाखवली. मॉलमधून 'इको-फ्रेंडली' गालिचा आणणाऱ्या बायकांचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. "हिच्या घरात दोन गोण्या चिंध्या पडल्यात आणि ही दुसऱ्याच्या चिंध्या विकत आणते. कमाल आहे यार!" बहात्तराव्या वर्षी 'यार' म्हणणं त्यांना शोभतं की नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पण एक गोष्ट मात्र काकू डोळ्यात तेल घालून पाळायच्या. आलेलं प्रत्येक कापड त्या उजेडात धरायच्या, हुंगायच्या, बोटांत चुरगाळून बघायच्या. देवाचं वस्त्र, बारशाची कुंची, गेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड, यातलं काहीही पायाखाली जाता कामा नये. असं काही सापडलं की ते मालकाला परत, आणि वर चांगलं खरपूस भाषण. सेक्रेटरी श्यामकांतची बायको हेमांगी हिला तर त्यांनी लिफ्टपाशी सगळ्यांच्या देखत धुतलं होतं. तिच्या पिशवीत चौरंगावरचं लाल वस्त्र निघालं होतं. "अगं, देव ज्याच्यावर बसवलास त्याला आता चपला पुसणार का? शिकलेली ना तू?" हेमांगी रडवेली होऊन जिन्याने पळाली, आणि काकूंना पुढे आठवडाभर मोठं समाधान होतं.

यंदा श्रावणात श्यामकांतच्या सहीची नोटीस काकूंच्या हातात पडली. गच्चीवरच्या खोलीत सोसायटीचा योगा हॉल करायचा आहे, रविवारच्या सभेत ठराव होईल, तोवर खाजगी सामान हलवावं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "योगा! पहिल्या मजल्यावर जायला यांना लिफ्ट लागते, आणि म्हणे योगा!" तोंडाने शिव्या देत होत्या, पण मनात घराचं माप घेत होत्या. घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगा यज्ञेश, सून आणि नात. तिथे माग मावणं शक्य नव्हतं. माग गेला की आपण टीव्हीसमोर मांडून ठेवलेली म्हातारी होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भयंकर भीती वाटत होती.

त्याच रागात त्या मागावर बसल्या. दाराशी हेमांगीची नवी पिशवी पडली होती. घराला रंग काढण्याआधी तिने माळा, खुंट्या सगळं झाडून काढलं होतं. तिची पिशवी काय तपासायची? जुनाट पडदे आणि मॉलचे टॉप, दुसरं काय निघणार! एका फाटक्या अभ्र्यात मळक्या मरून रंगाचं काहीतरी कोंबलेलं होतं. काकूंनी न बघताच अभ्रा फाडला, मग ते मरून कापड फाडलं. फाडताना ते चर्रकन वाजलं. सुती कापड असं वाजत नाही. काकूंच्या कानांना ते कळलंही, पण डोक्यात नोटीस होती. दोन दिवसांत त्यांनी एक जाड पायपुसणं विणून काढलं आणि खोलीच्या दारात टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी श्यामकांत वर आला. एरवी ताठ मानेने फिरणारा माणूस, आज मात्र चेहरा उतरलेला. गच्चीवर चिखल होता, म्हणून दाराशी पाय खसाखसा पुसून तो तिथेच थांबला.

"या सेक्रेटरीसाहेब," काकू म्हणाल्या. "माग मोजायला आलात की योगा करायला?"

"काकू, टोमणे नंतर मारा," तो म्हणाला. "बाबांचा मुकटा सापडत नाहीये."

त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. ते दरवर्षी हाच रेशमी मुकटा सोवळं म्हणून नेसून गणपतीची प्रतिष्ठापना करायचे. गेल्या वर्षी त्यांच्या मागे घरात गणपती बसलाच नव्हता. यंदा पहिल्यांदा श्यामकांतच्या हातून पूजा व्हायची होती, आणि गणपती आठवड्यावर आले होते.

"सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून बाबा तो जुन्या अभ्र्यात घालून खुंटीला लावायचे," तो सांगत होता. "हेमांगीला वाटलं, चिंध्यांचंच बोचकं. तुमच्याकडे आलाय का? तुम्ही तर सगळं नीट बघून घेता. दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर मी आशाच सोडली असती."

काकूंचे हात मागावरच थांबले. त्यांची नजर आपोआप खाली गेली. श्यामकांतच्या ओल्या पावलांखालून एक मरून पट्टी दिसत होती.

"आणि ऐका," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मुकटा नाही सापडला तरी तुमच्यावर राग नाही. खोलीचं मी बघतो. योगा काय, खाली पार्किंगमध्येही होईल. रविवारी मी ठरावच मागे घेतो. फक्त एकदा शोधा, काकू. बाबांचं तेवढंच राहिलंय."

आयुष्यभर काकूंनी ह्या माणसाची खिल्ली उडवली होती. आत्ता एक 'नाही आला रे बाबा' म्हटलं की खोली त्यांची, माग त्यांचा, आणि कुणाच्या बापालाही कधी कळलं नसतं. पायपुसणं तर उद्याच धुवून उसवता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. लिफ्टपाशी हेमांगीला काय काय बोललो, ते एकेक त्यांना आठवलं. तिने निदान नकळत दिलं होतं. आपल्या कानांना तर कळलं होतं. काकूंना स्वतःचीच अशी किळस आली, जशी आजवर कुणाच्या पिशवीचीही आली नव्हती.

त्या मागावरून उठल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"श्यामकांत, आधी बाजूला हो. तू तुझ्या बापाच्या मुकट्यावर उभा आहेस, आणि तो मी फाडलाय."